उसनीं चित्रें

छापखान्यांत चित्राचा ठसा एकदां कागदावर उमटला म्हणजे तें चित्र त्या कागदाचें झालें. पुस्तकाला वाळवी लागेल, तें पाण्यांत भिजेल किंवा रद्दींत जाईल. परंतु पान शाबूत असतां त्यावरचें चित्रच तेवढें दुसऱ्या कोणाच्या मर्जीनें नाहींसें झालें, असें कधीं कोणीं ऐकलें नाहीं. इंटरनेटवरील पानाचा प्रकार याहून अगदीं निराळा आहे. तेथें पानावर चित्र नसतेंच; असतो तो चित्राचा पत्ता. पान उघडणाऱ्याच्या यंत्रानें त्या पत्त्यावर जावें, चित्र मागून आणावें आणि राखून ठेवलेल्या जागेंत बसवावें, अशी ती योजना आहे. पत्ता त्याच घरचा असेल, नाहीं तर सातासमुद्रांपलीकडील एखाद्या परक्या घरचा असेल. मोबाईलच्या पडद्यावर मजकूर नीट उमटलेला असतां मधेंच जो करड्या रंगाचा रिकामा चौकोन पुष्कळांस दिसतो, त्याचें मूळ या पत्त्याच्या योजनेंत आहे; आणि ती योजना कशी ठरली, तें पाहण्यासारखें आहे.

स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं वेबची कल्पना मांडली व १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. त्यांचा मूळ हेतु शास्त्रज्ञांचीं टिपणें व अहवाल एकमेकांस जोडण्याचा होता. चित्र पाहावयाचें असल्यास दुव्यावर बोट ठेवावें, म्हणजे तें वेगळ्या चौकटींत उघडे. अक्षर आणि चित्र एकाच पंगतीस बसविण्याची निकड त्या वेळीं फारशी कोणास वाटली नव्हती.

ती वाटली अमेरिकेंत. इलिनॉय विद्यापीठांतील महासंगणक-केंद्रांत मार्क अँड्रीसन व एरिक बिना हे दोघे ‘मोझेइक’ नांवाचा नवा ब्राउझर रचीत होते. अँड्रीसन यांचें वय त्या वेळीं अवघें २१ वर्षांचें. दि. २५ फेब्रुवारी १९९३ रोजीं त्यांनीं वेबवर काम करणाऱ्या मंडळींच्या पत्रव्यवहारांत एक सूचना धाडली. सूचना लहानशीच होती: पानाच्या मजकुरांत ‘आयएमजी’ अशी एक खूण असावी व तीपुढें चित्राच्या फाईलीचा पत्ता द्यावा, ब्राउझरनें तें चित्र जाळ्यावरून ओढून आणून मजकुराच्या मधोमध मांडावें. लगोलग उत्तरें येऊं लागलीं. एकानें कळविलें कीं, आपल्या ब्राउझरांत अशीच कांहीं सोय अगोदरच केलेली आहे. कोणी म्हणाले, केवळ चित्रासाठीं खूण कशाला? कोणताहि दस्तऐवज दुसऱ्यांत समाविष्ट करतां येईल अशी एकच सर्वसाधारण खूण करावी. स्वतः बर्नर्स-ली यांचें मत असें पडलें कीं, जो दुवा आधींपासून आहे त्यालाच ‘हें आंत बसवावें’ एवढी सूचना जोडली म्हणजे काम भागेल. वाद सुज्ञ लोकांचा होता आणि त्यांतल्या दूरदृष्टीच्या सूचना आज वाचतांना अधिक पटतात. परंतु अँड्रीसन यांच्याजवळ तयार होत आलेला ब्राउझर होता, इतरांजवळ मतें होतीं. पुढच्याच महिन्यांत मोझेइकची जी आवृत्ति निघाली तिच्यांत ही खूण होती. लोकांनीं अक्षरांच्या मधें चित्र पाहिलें आणि वादाचा निकाल परस्पर लागला. १९९५ च्या नोव्हेंबरांत वेबच्या भाषेची जी नियमावलि प्रसिद्ध झाली, तिच्यांत ती खूण रीतसर नोंदली गेली.

या खुणेच्या रचनेंत एका गोष्टीवर कांहींच बंधन घातलेलें नव्हतें. पत्ता कोणाचा द्यावयाचा, हें लिहिणाऱ्याच्या इच्छेवर होतें. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचें चित्र आपल्या पानांत दाखविण्यास त्याची परवानगी मागण्याचें कारण नव्हतें. त्यास कळविण्याचीहि तजवीज नव्हती. आपल्याकडील मासिकें एकमेकांकडून चित्राचे ब्लॉक उसने आणीत, तेव्हां निदान कोपऱ्यांत सौजन्याचा उल्लेख तरी करीत. येथें उसनवारी अशी कीं, देणाऱ्याला ती कळूंहि नये, आणि प्रत्येक वाचकागणिक वाहतुकीचा खर्च मात्र त्याच्याच नांवें पडावा. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द १९६५ मध्यें रूढ करणारे टेड नेल्सन यांनीं आपल्या ‘झॅनडू’ नामक योजनेंत याचा विचार पुष्कळ आधीं केला होता: उद्धृत केलेला भाग मूळ लेखाशीं जोडलेला राहावा आणि दर वेळीं मूळ मालकास अल्पसा मोबदला पोंचावा, असें त्यांचें म्हणणें. ती योजना त्या रूपानें प्रत्यक्षांत उतरली नाहीं. जी उतरली ती सोपी होती म्हणून उतरली.

भांडणें लवकरच सुरू झालीं. १९९६ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठांतील एका विद्यार्थ्यानें ‘डिल्बर्ट’ ही प्रसिद्ध व्यंगचित्रमाला आपल्या पानावर स्वतःच्या आवडीच्या मांडणीनें दाखविण्यास आरंभ केला. चित्रें त्यानें उतरून घेतलीं नव्हतीं. तीं मालकांच्याच सर्व्हरवरून येत होतीं. मालक कंपनीनें हरकत घेतली व तें पान बंद झालें. खटला उभा राहिला नाहीं, त्यामुळें प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. परक्या सर्व्हरवरील फाईल अशी थेट आपल्या पानांत ओढण्याच्या या प्रकारास पुढें ‘हॉटलिंकिंग’ असें नांव पडलें.

सर्व्हरवाल्यांनीं मग स्वतःच पहारा बसविला. फाईल मागतांना ब्राउझर आपण कोणत्या पानावरून आलों हेंहि सांगत असतो. १९९६ च्या नियमावलींत या रकान्याचें इंग्रजी नांव ‘रेफरर’ असें लिहितांना त्यांतलें एक अक्षर गळलें, आणि तें अशुद्ध स्पेलिंग आजहि जगांतील प्रत्येक ब्राउझर इमानेंइतबारें वापरीत आहे! या रकान्यांत परक्या संकेतस्थळाचें नांव दिसलें कीं सर्व्हर चित्र नाकारी, किंवा त्याऐवजीं ‘चोरी करूं नका’ अशा आशयाचें दुसरेंच चित्र धाडी. ज्या दिवशीं हें होई त्या दिवशीं उसनें चित्र लावणाऱ्याच्या पानाची शोभा पाहण्यासारखी होत असे.

अमेरिकन न्यायालयांनीं या प्रश्नाचा उलगडा फार उशिरां केला, आणि तोहि एकमुखानें नाहीं. २००७ सालीं पश्चिमेकडील नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयानें गूगलच्या चित्रशोधासंबंधीं ठरविलें कीं, ज्याच्या सर्व्हरवर फाईल आहे तोच ती प्रदर्शित करतो. पत्ता देणारा नव्हे. यास ‘सर्व्हरची कसोटी’ म्हणतात. २०१८ मध्यें न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानें ही कसोटी मानण्याचें नाकारलें. त्या खटल्यांत एका खेळाडूचें छायाचित्र वृत्तपत्रांनीं दुसऱ्याच्या ट्विटासह आपल्या पानांत बसविलें होतें. २०२३ मध्यें नवव्या मंडळानें आपलाच जुना निर्णय पुन्हां उचलून धरला. म्हणजे एकच कृति एका किनाऱ्यावर निर्दोष व दुसऱ्या किनाऱ्यावर संशयास्पद, अशी स्थिति राहिली.

भारतांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट दि. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालें व मुंबई हें पहिल्या शहरांपैकीं एक होतें. विदेश संचार निगमाच्या स्वस्त खात्यांत केवळ अक्षरें दिसत. चित्रांसह वेब पाहावयाचें तर महागडें खातें घ्यावें लागे. सेकंदाला ९,६०० बिट वाहणाऱ्या मोडेमवर साठ हजार बाइटांचें एक चित्र उतरण्यास पन्नास सेकंद लागणार, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे, आणि टेलिफोनचें मीटर फिरतें तें वेगळेंच. चित्राच्या खुणेबरोबर त्याचें वर्णनहि शब्दांत लिहावें असा जो नियम आहे, त्याची किंमत अशा वेळीं कळते. अंध वाचकांस तर तेंच वर्णन यंत्र वाचून दाखवितें. तथापि हा रकाना रिकामा सोडण्याची खोड अद्यापि गेलेली नाहीं.

मोबाईलवर चित्र आलें तें प्रथम अगदीं दीनवाण्या रूपांत. गेल्या शतकाच्या शेवटीं निघालेल्या वॅप पद्धतींत चित्राच्या प्रत्येक ठिपक्यास काळा किंवा पांढरा एवढेच दोन पर्याय होते. नॉर्वेतील ऑपेरा कंपनीनें २००५-०६ मध्यें ‘ऑपेरा मिनी’ काढून निराळाच मार्ग धरला. वेबपेज फोननें आणावयाचेंच नाहीं. कंपनीच्या सर्व्हरनें तें आणावें, चित्रें आकसून हलकीं करावींत व तयार घडी फोनकडे पाठवावी. या ब्राउझरची एक सोय मराठी वाचकांनीं विसरूं नये अशी आहे. ज्या फोनमध्यें देवनागरी अक्षरांची व्यवस्थाच नव्हती आणि मराठी मजकुराच्या जागीं नुसते चौकोन उमटत, तेथें आंतील एक आडबाजूची खूण बदलली म्हणजे सर्व्हर त्या अक्षरांचेंच चित्र करून पाठवी. युरोपांतील सर्व्हरवर चित्ररूप झालेलें मराठी असें आपल्या खिशांतील फोनवर वाचावयास मिळे.

२००७ च्या जूनमध्यें आयफोन विक्रीस आला, २००८ च्या जुलैमध्यें त्याचें ॲप-दुकान उघडलें, आणि त्याच वर्षीं अँड्रॉइडचा पहिला फोन निघाला. येथून चित्राच्या कथेस खरें वळण लागलें. ब्राउझर हा पंधरा वर्षांत मुरलेला आचारी होता. पत्ता हातीं दिला कीं तो सर्व कांहीं मुकाट्यानें करी. ॲप म्हणजे नवें बिऱ्हाड. त्याच्या चौकटींत ‘आयएमजी’ या खुणेस कांहीं अर्थ नाहीं. चित्राचा पत्ता मिळाला, तरी फाईल मागावयाची, ती उलगडावयाची, योग्य आकाराची करावयाची, जागेवर बसवावयाची आणि पुन्हां लागेल म्हणून सांठवून ठेवावयाची, हीं पांचहि कामें ॲप रचणाऱ्यानें स्वतः योजावीं लागत. पुष्कळांनीं ॲपच्या आंतच एक लहानसा ब्राउझर बसवून सुटका करून घेतली; त्यास ‘वेबव्ह्यू’ म्हणतात. ज्यांनीं तसें केलें नाहीं त्यांच्यापुढें पहिली अडचण स्मरणशक्तीची होती, फोनच्या आणि शब्दशः.

जेपेग फाईल म्हणजे घडी घातलेलें वस्त्र. ती पेटींत थोडी जागा व्यापते, परंतु पडद्यावर दाखविण्यापूर्वीं ती पूर्ण उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर प्रत्येक ठिपक्यास साधारणतः चार बाइट लागतात. अँड्रॉइडच्या पहिल्या फोनच्या कॅमेऱ्यांतून २,०४८ गुणिले १,५३६ ठिपक्यांचें छायाचित्र निघे. उलगडल्यावर तें सुमारें सव्वा कोटी बाइटांचें, म्हणजे १२ मेगाबाइटांचें होई. त्या फोनमध्यें एका ॲपच्या वाट्यास येणारी स्मृति होती १६ मेगाबाइट. एका चित्रानेंच घर भरलें! दुसरें मागवितांच ॲप कोसळे. उपाय असा कीं, आधीं फाईलीचें केवळ माप वाचावें आणि पडद्याच्या जागेस पुरेल एवढ्याच आकारांत ती उलगडावी. हें सुचावयास अनेकांस बराच काळ लागला.

दुसरी अडचण वेळेची. पडदा रंगविणारा व बोटाचा स्पर्श ओळखणारा कामगार एकच असतो. त्यालाच जर चित्र आणण्यास बाहेर पिटाळलें, तर तो परत येईपर्यंत सारा पडदा गोठतो. २०११ मध्यें अँड्रॉइडच्या तिसऱ्या आवृत्तीनें अशा पिटाळण्यास साफ बंदी केली. नव्या ॲपनें तसा प्रयत्न केल्यास तें तत्काळ बंद पडूं लागलें. मग चित्र मागच्या दारानें, दुसऱ्या कामगाराकडून आणावयाचें ठरलें, आणि त्यांतून तिसरी गंमत निघाली. लांबलचक यादी बोटानें सरकवितांना फोन वर गेलेल्या ओळीच खालीं पुन्हां वापरतो. चित्र आणावयास गेलेला कामगार परत येतो तों त्याच्या ओळींत दुसरेंच नांव आलेलें असतें, आणि गोविंदरावांच्या नांवापुढें गंगूबाईंचा चेहरा झळकतो. हे सर्व घोटाळे निस्तरणारीं तयार साधनें, ‘पिकासो’, ‘ग्लाइड’ वगैरे, पुढें निघालीं व फुकट वांटलीं गेलीं. तीं ज्यांनीं रचलीं त्यांचे उपकार सामान्य वापरणाऱ्यास ठाऊकहि नसतात.

इतकें स्थिरस्थावर होतें न होतें तों नवा प्रश्न उभा राहिला, आणि या वेळीं तो तांत्रिक कमी व नीतीचा अधिक होता. जुन्या ‘एचटीटीपी’ पद्धतीनें येणारी फाईल म्हणजे उघडें पोस्टकार्ड. वाटेंतील कोणीहि तें वाचावें, कोणीहि त्यांत फेरफार करावा. ‘एचटीटीपीएस’ हा लाखोटा होय. लाखोट्याची पद्धत नेटस्केप कंपनीनें १९९४-९५ मध्येंच काढली होती, पण ती पेढ्यांच्या व दुकानांच्या व्यवहारापुरतीच राहिली. चित्राला लाखोटा कशाला, अशी सर्वांची समजूत. २०१३ सालीं एडवर्ड स्नोडेन यांनीं अमेरिकन सरकारच्या पाळतीचे कागद उघड केले आणि ही समजूत पालटली. कोणी कोणतें चित्र पाहिलें, यावरूनहि माणसाविषयीं बरेंच कांहीं कळतें. लाखोट्यास लागणारें प्रमाणपत्र विकत घ्यावें लागे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेनें डिसेंबर २०१५ पासून तें सर्वांस फुकट देण्यास आरंभ केला.

त्याच वर्षीं ॲपल कंपनीनें आयफोनच्या नवव्या आवृत्तींत नियम केला कीं, ॲपनें मागविलेली फाईल लाखोट्यांतूनच आली पाहिजे. २०१८ च्या ऑगस्टांत अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीनें, तिच्यासाठीं रचलेल्या ॲपांपुरता, तोच कित्ता गिरविला. ज्या ॲपमध्यें चित्रें परक्या, जुन्या पद्धतीच्या सर्व्हरवरून येत होतीं, तेथें तीं एकाएकीं दिसेनाशीं झालीं. मजकूर जागच्या जागीं, बाजूस करडा चौकोन. तोच पत्ता ब्राउझरमध्यें उघडावा तर चित्र लख्ख दिसे. त्यामुळें दोष कोणाचा हें कोणास उमगेना. दोष बहुधा पत्त्याच्या आरंभींच्या एका अक्षराचा, ‘एस’ नसल्याचा, असे. दोन्ही कंपन्यांनीं पळवाटहि ठेविली होती: ॲपच्या नियमपत्रिकेंत ‘उघडीं पोस्टकार्डें चालतील’ अशी एक ओळ लिहावी. कित्येकांनीं सर्व्हर सुधारण्याऐवजीं ती ओळच लिहिली. चित्रें परत आलीं, आणि ज्यासाठीं नियम केला तें संरक्षण गेलें. ॲपलनें २०१६ च्या अखेरपर्यंत ही पळवाट आवळण्याचें ठरविलें होतें. परंतु ऐन डिसेंबरांत ती मुदत वाढवावी लागली. नियम योग्य होता. पण परक्या सर्व्हरचा मालक कोण, तो हयात तरी आहे कीं नाहीं, हें ज्यांस ठाऊक नाहीं अशा लहान ॲपवाल्यांपुढें दुसरा उपाय काय होता, याचाहि न्याय केला पाहिजे.

पत्ता बरोबर व लाखोटाहि ठीक असून चित्र न येण्याचें आणखी एक कारण घरोघरीं आढळतें. ड्राइव्ह किंवा तत्सम सांठवणींतून जो ‘शेअर’ करावयाचा दुवा मिळतो, तो चित्राचा नसून चित्र दाखविणाऱ्या एका पानाचा असतो. माणूस तो उघडतो व चित्र पाहतो. ॲप तो उघडतें आणि त्यास चित्राऐवजीं मजकुराचें पान हातीं लागतें. वाड्याचा पत्ता म्हणजे खोलीचा पत्ता नव्हे. पूर्वीं अशा सांठवणींतून फाईल थेट पानांत दाखविण्याची सोय होती. गूगल ड्राइव्हनें ती २०१६ च्या ऑगस्टअखेर व ड्रॉपबॉक्सनें २०१७ मध्यें काढून घेतली. स्वरूपाचाहि अडथळा येतो. गूगलनें २०१० मध्यें काढलेली वेबपी चित्रें अँड्रॉइडवर पुष्कळ आधीं दिसूं लागलीं, आयफोनच्या ब्राउझरांत तीं २०२० सालीं दिसलीं. मधलीं वर्षें एकाच पत्त्यावर एकास चित्र व दुसऱ्यास चौकोन.

परक्या घरावर विसंबण्याचें सर्वांत कटु फळ २०१७ सालीं दिसलें. फोटोबकेट ही कंपनी २००३ पासून लोकांचीं छायाचित्रें सांभाळीत होती, आणि असंख्य पानांतून तिच्याकडील पत्ते दिलेले होते. जूनअखेर तिनें अटी बदलल्या: बाहेरच्या पानांत चित्र दाखवावयाचें तर वर्षास ३९९.९९ डॉलर भरावे. न भरणाऱ्यांच्या चित्रांच्या जागीं पैशाची मागणी करणारी एकच पाटी झळकूं लागली. मोटारींची दुरुस्ती, जुनीं यंत्रें, बागकाम, विणकाम अशा विषयांवर हौशी लोकांनीं वर्षानुवर्षें श्रमानें लिहिलेलीं सचित्र टिपणें एका रात्रींत आंधळीं झालीं. ‘चित्रांत दाखविल्याप्रमाणें हा खिळा काढा’ असें लिहिलेलें, आणि चित्रांत पाटी. पुढच्या वर्षींच्या मे महिन्यांत कंपनीनें माघार घेतली, तोंवर पुष्कळांनीं नाद सोडलेला होता. कंपनीस खर्च होता हें खरें; पण चौदा वर्षें पाणपोई चालवून ऐन उन्हाळ्यांत माठास कुलूप लावणें यास व्यवहार म्हणतां आलें, तरी सौजन्य म्हणतां येणार नाहीं.

मोठ्या संस्थांनीं यावर मध्यस्थ नेमण्याचा मार्ग पत्करला. जीमेलनें डिसेंबर २०१३ पासून पत्रांतील परकीं चित्रें आपल्याच सर्व्हरमार्फत आणून दाखविण्यास सुरुवात केली. त्यापूर्वीं एका ठिपक्याएवढें अदृश्य चित्र पत्रांत ठेवून, तें मागण्यास कोण केव्हां व कोठून आलें यावरून, वाचणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरातवाले काढीत. मध्यस्थामुळें ठिकाण झांकलें. पत्र उघडल्याची वार्ता मात्र पुष्कळदां पोंचतच राहिली.

विकिपीडियानें उसनवारीस घरच्या घरींच शिस्त लावली. सप्टेंबर २००४ मध्यें तिनें ‘कॉमन्स’ हें चित्रांचें सामाईक कोठार उघडलें. तेथें फाईल एकदां ठेवली कीं मराठीसह सर्व भाषांतील विकिपीडिया तीच वापरतात. कर्त्याचें नांव व वापरण्याच्या अटी तिच्याजवळच नोंदलेल्या असतात. हक्काच्या कारणावरून एखादें चित्र कोठारांतून काढून टाकलें, तर एक यांत्रिक सेवक सर्व भाषांतील लेखांतून हिंडतो व त्या चित्राचा उल्लेख पुसून येतो, म्हणजे तेथें रिकामा चौकोन उरत नाहीं. कोठाराबाहेरच्या ज्या ॲपांनीं व संकेतस्थळांनीं तोच पत्ता उतरून घेतलेला असतो, त्यांच्याकडे हा सेवक जात नाहीं.